‘क्लिअर्ड’ ऐकलं म्हणून तुम्ही आयएफआर होत नाही

अमेरिकेत पायलट ट्रेनिंगला निघालेल्या पुण्यातल्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मी या मुलांना ग्राउंड सब्जेक्ट शिकवतो, त्यामुळे तो माझ्याकडेही तीनदा आला. आधी त्यातले शब्द: व्हीएफआर म्हणजे बाहेर बघून उडण्याचे नियम, आयएफआर म्हणजे उपकरणांवर उडण्याचे, आणि त्याची परवानगी देणारं प्रमाणपत्र म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग. अप्रोच म्हणजे उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरत येण्याचा ठरलेला मार्ग, मिस्ड अप्रोच म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा, आणि करन्सी म्हणजे रेटिंग वापरण्यासाठी लागणारा अलीकडचा सराव. मेसेज असा: ‘व्हीएफआरमध्ये उडताना प्रॅक्टिस अप्रोच मागा. कंट्रोलर क्लिअर्ड म्हणाला की तुम्ही आयएफआर. बाकीची विमानं तो सांभाळतो, मिस्ड अप्रोचही त्यातच आला. फक्त इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसेल तर मागू नका, आणि हे अप्रोच करन्सीसाठी धरत नाहीत.’ यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही, आणि पहिली दोन तर जिवावर बेतणारी आहेत.

‘क्लिअर्ड’च्या जोडीला कंट्रोलर ‘मेंटेन व्हीएफआर’ सांगतो. मुलं पहिला शब्द पकडतात आणि पुढचे दोन सोडून देतात. अप्रोच मिळाला तरी तुम्ही व्हीएफआरच राहता. श्रावणात सिंहगडावरचा टॉवर दहा मिनिटांत दिसेनासा होतो आणि पुन्हा दिसतो, तसा ढग वाटेत आला तर प्लेटवरची, म्हणजे अप्रोचच्या नकाशावरची, रेघ त्यातून जात असली तरी आत शिरायचं नाही. दहा हजार फुटांखालच्या क्लास ई या नियंत्रित हवाई क्षेत्रात दृश्यमानता ३ मैल हवी आणि ढगापासून खाली ५००, वर १,०००, बाजूला २,००० फूट अंतर. ते राहत नसेल तर अप्रोच सोडा आणि कंट्रोलरला कळवा.

बाकीची विमानं कंट्रोलर सांभाळतो, हे अर्धंच खरं. काही ठिकाणी तो अंतर राखून देतो, पण ते उभं ५०० फूटच असू शकतं. काही ठिकाणी सरळ सांगतात की अंतर राखण्याची सेवा नाही. सेवा असली तरी बाहेर बघणं तुमच्याकडून सुटत नाही.

२५ सप्टेंबर १९७८, सॅन दिएगो. एक सेसना १७२, म्हणजे छोटं विमान, लिंडबर्ग फील्ड विमानतळावर आयएलएसचे (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे नेणाऱ्या यंत्रणेचे) सराव अप्रोच करत होतं. आत इन्स्ट्रक्टर आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तयारी करणारा पायलट. दुसरा अप्रोच संपवून ते ३,५०० फुटांखाली व्हीएफआर राहून निघालं होतं. मागून उतरत आलेल्या बोइंग ७२७ च्या क्रूने ट्रॅफिक दिसतंय असं कळवलं होतं. नंतर सेसना त्यांच्या नजरेतून सुटलं आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितलं नाही. टक्करीत जमिनीवरच्या ७ जणांसह १४४ माणसं गेली. चौकशीत मुख्य ठपका बोइंगच्या क्रूवर आला. दोन्ही विमानं कंट्रोलरशी बोलत होती, दोन्ही रडारवर होती. वर्गात हा भाग शिकवताना मी दरवेळी थांबतो.

मिस्ड अप्रोच आपोआप मिळत नाही. व्हीएफआर विमानाने तो मागावा लागतो आणि कंट्रोलरने मंजूर करावा लागतो. म्हणून पहिल्याच कॉलमध्ये कोणता अप्रोच हवाय आणि शेवटी उतरणार, टच अँड गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उड्डाण) करणार की मिस्ड, हे सांगून टाका.

रेटिंगची अट नाही. रेटिंगची तयारी करणारी मुलं इन्स्ट्रक्टरसोबत हेच तर करतात! कंट्रोलरकडे गर्दी असेल तर तो नाही म्हणेल, एवढंच.

करन्सीसाठी सहा महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या) आणि ट्रॅकिंग (रेडिओ मार्ग धरून उडणं) लागतं, आणि स्वच्छ हवेतले अप्रोचही त्यात धरतात. फक्त डोळ्यांवर हूड हवा. हूड घातला की समोरचं पॅनेल तेवढं दिसतं. काचेबाहेरचं आकाश शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या स्वाधीन. तो सेफ्टी पायलट किमान प्रायव्हेट पायलट हवा, त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग असलेला, आणि त्याचं नाव लॉगबुकात जायला हवं. हूडशिवाय केलेला अप्रोच सराव म्हणून चांगला, करन्सीत नाही.

हे सगळे नियम अमेरिकेतले. परत आल्यावर ते लोहगावला लावू नका. तिथलं हवाई नियंत्रण हवाई दलाकडे आहे आणि त्यांच्याच सूचना चालतात. आणि ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर आज दुरुस्ती टाकावी. पुढची बॅच निघायच्या आत.