सीताबर्डीच्या टेकडीखाली राहून परक्या तळांचं कौतुक?

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरून राहिला आहे. तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं: अमेरिकेने जिथे लष्करी तळ टाकला तो देश श्रीमंत झाला, पहा जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया. यजमानाला संरक्षण फुकट मिळतं. नको झालं की 'निघा' म्हणता येतं. आणि आपण 1971 नंतर ढाक्यातून फौज परत आणली ही घोडचूक. खाली तिरंगा, आणि 'दहा जणांना पाठवा'.

पाठवणारे काका सकाळी माझ्यासोबत अंबाझरीला फिरायला असतात, माणूस सज्जन. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी श्रीमंती. फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्य 1898 मध्ये उतरलं आणि सुबिक बेचा तळ 1992 मध्ये रिकामा झाला. जवळपास शतक. तो देश मेसेजच्या यादीत का नाही? जर्मनी आणि जपान तर युद्धाआधीच कारखानदार देश होते. त्या कारखान्यांच्या जोरावरच ते जगाशी लढले. शिवाय जपानवरचा ताबा 28 एप्रिल 1952 ला संपला, पश्चिम जर्मनीवरचा 1955 मध्ये. सैन्य राहिलं, पण कारभार त्यांच्या हाती आला.

खरी परीक्षा जपानच्या आतच आहे. ओकिनावा अमेरिकेने 1972 पर्यंत सोडलं नाही. देशाच्या जमिनीपैकी जेमतेम 0.6 टक्के तिथे, पण केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या तळांची सुमारे 70 टक्के जागाही तिथेच. तळांनी लक्ष्मी येत असती तर ओकिनावा जपानचा सगळ्यात सधन प्रांत असता. दरडोई उत्पन्नात तो कायम तळाशी घुटमळतो. उलट नाहा शहरातली सैनिकी वसाहतीची जमीन परत मिळाली, तिथे दुकानं-कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्या जागेची उलाढाल सुमारे 32 पटींनी वाढली, असा प्रांत-सरकारचाच हिशेब आहे. 1995 मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले. फुतेन्माचा तळ परत करण्याचं 1996 मध्ये ठरलं. तो अजून तिथेच आहे.

कोरियाबद्दल मी ताणणार नाही. उत्तरेकडचा शेजारी पाहता तिथल्या बऱ्याच लोकांना ते सैन्य हवं आहे. पण सैन्य हवं असणं वेगळं आणि सैन्यामुळे श्रीमंत झालो म्हणणं वेगळं. आणि तळ असतानाच 1987 पर्यंत तिथे हुकूमशाही होती, हेही मेसेजात नाही.

आता 'फुकट'. इथे मात्र नागपूरकराने तरी फसू नये. जपान अमेरिकी सैन्याच्या पाहुणचारावर दरवर्षी सुमारे 200 अब्ज येन खर्च करतो. आणि ही रीत आपण त्याच्या कितीतरी आधी पाहिली. मे 1816 मध्ये नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांनी घरातल्या भांडणात आधार हवा म्हणून इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज आली: पलटणी त्यांच्या, पगार आपल्या तिजोरीतून. दीड वर्षात, नोव्हेंबर 1817 मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर हीच 'संरक्षक' फौज भोसल्यांच्या सैन्याशी लढली आणि जिंकली. 1821 मध्ये कामठीची छावणी उभी राहिली. 1853 च्या अखेरीस तिसरे रघुजी औरस वारस मागे न ठेवता गेले आणि 1854 मध्ये राज्यच खालसा झालं. तेव्हा बाहेरून वेगळी फौज आणायची गरजही नव्हती. ती आधीच घरात होती, आपल्याच पैशावर पोसलेली.

'निघा' म्हणण्याचं काय? फिलिपिन्सच्या सिनेटने 1991 मध्ये ते म्हटलं, 12 विरुद्ध 11 मतांनी, आणि ते चाललंही. हे मान्य. पण क्यूबातल्या ग्वांतानामोच्या नौदल तळासाठी अमेरिका क्यूबाला वर्षाला सुमारे 4,085 डॉलर भाडं देते, क्यूबा ते धनादेश वटवत नाही, तरी भाडेकरू हलत नाही. 1934 च्या करारानुसार तो संपवायला दोघांची संमती लागते. (आपल्याकडच्या जुन्या घरमालकांना हे दुःख चांगलं कळेल.) इराकच्या संसदेने जानेवारी 2020 मध्ये परदेशी सैन्य बाहेर काढण्याचा ठराव केला, तर ट्रम्प यांनी निर्बंधांची धमकी दिली. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांपैकी दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ आहे; तिथे तर 'निघा' सैन्याला नाही, रहिवाशांनाच सांगितलं गेलं. 1968 ते 1973 दरम्यान चागोस बेटांवरून सगळी वस्ती उठवली.

राहिला ढाका. 16 डिसेंबर 1971 ला शरणागती, सुमारे 93,000 युद्धकैदी, आणि मार्च 1972 च्या मध्यापर्यंत आपली फौज परत. राहिली असती तर मुक्तिदाते ते ताबेदार व्हायला किती वेळ लागला असता? काका म्हणतात, नीट राहिलो असतो तर जमलं असतं. अफगाणिस्तानात अमेरिका वीस वर्षं राहिली, अफाट पैसा ओतला, आणि 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती गेलं.

आणि आपणही एकदा राहून पाहिलंच की. जुलै 1987 मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली ती तिथल्या सरकारशी करार करून. त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, 1989 मध्ये परत जा म्हटलं. सुमारे 1,200 जवान गमावून मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली. ढाक्यात फौजेला निरोपाचं संचलन मिळालं होतं. मद्रासला स्वागताला तमिळनाडूचे, म्हणजे आपल्याच देशातले, मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.