"विद्यापीठांच्या संशोधनानं खेड्याला काय दिलं?" या मेसेजला मुद्देसूद उत्तर

आमच्या यवतमाळ भागात एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. गावाचा ग्रुप असो, बचतगटाचा असो की शेतकरी कंपनीचा, कोणी ना कोणी तो टाकतंच. त्यातला मजकूर थोडक्यात असा: "विद्यापीठातले प्रबंध कपाटात धूळ खातात, एकही वावरापर्यंत आला नाही. बियाणं-औषधं सगळी कंपन्यांनी शोधली. भूक, रोगराई, हवामान बदल हे जगाचे प्रश्न, ते मोठ्या देशांनी सोडवावे, आपल्या खेड्याचा त्यात काय संबंध? संशोधनावर उधळला जाणारा पैसा शेतकऱ्याच्या खात्यात टाका. आणि एवढं संशोधन झालं, तर विदर्भातल्या आत्महत्या का थांबल्या नाहीत?"

हा राग कुठून येतो ते मला कळतं. सोयाबीन हातचं गेलेल्या माणसासमोर कोणी संशोधनाचं कौतुक करू लागलं तर त्याचं डोकं फिरणारच. पण मेसेजमधले दावे खरे नाहीत, आणि ते खरे मानले तर नुकसान आपलंच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एकही संशोधन वावरापर्यंत आलं नाही."

जून महिन्यात आपण पेरतो काय? जे.एस. ३३५ हे सोयाबीन जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचं, १९९४ मध्ये प्रसारित झालेलं. पुढची कितीतरी वर्षं विदर्भात सोयाबीन म्हटलं की 'तीनशे पस्तीस'च. आता लोक फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६ मागतात. ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राचं. एमएयूएस नावाची सगळी वाणं परभणीच्या विद्यापीठाची. सुवर्ण सोया आणि पीडीकेव्ही अंबा ही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. ही सरळ, म्हणजे संकरित नसलेली वाणं आहेत, त्यामुळे घरचं बियाणं राखता येतं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी तीस किलोनं पेरायचं. ज्या घरात ही चाचणी होते, त्या घराला दरवर्षी बियाण्याच्या बॅगेसाठी दुकानात उभं राहावं लागत नाही. बियाणं दरवर्षी विकत घ्यावंच लागावं, हा कंपनीचा धंदा असतो. विद्यापीठाला तशी गरज नव्हती, म्हणून हे वाण आपल्या घरात राहू शकलं.

तुरीचं पाहा. मर रोगाची बुरशी एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षं तिथंच राहते. फुलोऱ्यावर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. बीएसएमआर ७३६ हे परभणीच्या विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचं वाण या मर रोगाला आणि वांझ रोगाला टिकतं. असं वाण कसं निवडतात ते आपल्या शेतकऱ्यांनी एकदा बघायलाच हवं. संशोधन केंद्रावर एक तुकडा मुद्दाम रोगट ठेवलेला असतो. त्यात शेकडो ओळी पेरतात, आणि एखादी एम.एस्सी.ची मुलगी वही घेऊन ओळीमागून ओळ मेलेली झाडं मोजत जाते. तिच्या प्रबंधात बहुतेक ओळींपुढे 'रोगाला बळी' एवढंच लिहिलेलं असतं. तो प्रबंध कपाटात गेला असं आपण म्हणतो. पण पुढच्या माणसानं त्या ओळींवर आणखी पाच वर्षं घालवू नयेत, हे त्याच वहीमुळे ठरतं. एक वाण बाहेर पडायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि त्यामागे असे कितीतरी प्रबंध असतात.

हरभऱ्यातलं जॅकी ९२१८ किंवा बचतगटांच्या बायकांच्या हाताला काम देणारी पीकेव्ही मिनी दालमिल, हीसुद्धा अकोल्याचीच देणगी.

यात खरं काय आहे तेही मान्य करतो. पदोन्नतीसाठी उरकलेले, इकडून तिकडून उतरवलेले प्रबंध आहेत, आणि त्यांची लाज विद्यापीठांना वाटली पाहिजे. पण खराब बियाण्याची एक बॅग निघाली म्हणून पेरणीच बंद करा, असं आपण कधी म्हणत नाही.

"बियाणं-औषधं सगळी कंपन्यांनी शोधली."

हा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण बीटी कपाशीच्या पाकिटावर कंपनीचं नाव असतं. पण मुळाशी जाऊ. बीटीचा जीवाणू मातीतला. त्याचं अळीला मारणारं प्रथिन तयार करणारं जनुक वेगळं काढलं गेलं ते १९८१ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. जनुक झाडात घालायचं कसं, ही वाट सापडली ती बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या मार्क व्हॅन माँटेग्यू आणि जेफ शेल यांना, आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या विद्यापीठात काम करणाऱ्या मेरी-डेल चिल्टन यांना. ते शोधत होते झाडाच्या खोडावर गाठ आणणाऱ्या एका जीवाणूचं कोडं. कपाशी त्यांच्या डोक्यातही नव्हती. त्यानंतर कंपन्या आल्या, त्यांनी पैसा घातला, बियाणं बनवलं, आणि २००२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. कंपन्यांचं श्रेय त्यांना जरूर द्या. पण पायाभरणी कोणी केली ते झाकू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बीटीचा असर ओसरल्यावर काय झालं. २०१७ चा हंगाम आपल्याकडे कोणीच विसरलेलं नाही. कपाशीचं झाड, म्हणजे पऱ्हाटी, बाहेरून हिरवीगार, फुलं मात्र न उमलता कळीसारखी मिटलेली (हीच डोमकळी), आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. वेचणीला चांगल्या कापसाऐवजी कवडी, म्हणजे किडका कापूस निघाला. पाकिटाचे पैसे आधीच दिलेले होते, ते काही कोणी परत केले नाहीत. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. त्यातली कितीतरी दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारायला गेलेली होती. हे लिहिताना अजूनही आतून तुटतं.

आज त्याच वावरात काठीला पिवळा-हिरवा कामगंध सापळा लटकलेला दिसतो. त्यातली इवलीशी ल्युर म्हणजे मादी पतंगाच्या वासाची हुबेहूब नक्कल. तो वास ओळखायला शास्त्रज्ञांना फार झगडावं लागलं. १९६६ मध्ये एक रसायन जाहीर झालं, पण प्रत्यक्ष शेतात नर पतंग त्याकडे फिरकेनात. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की मादीचा वास एका रसायनाचा नाहीच. तो जवळजवळ सारख्याच बांधणीच्या दोन रसायनांच्या मिश्रणाचा आहे. त्याला त्यांनी गॉसिप्लूर नाव दिलं. आपण आज दुकानातून आणतो ती ल्युर तीच.

तिचा उपयोग असा. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करायचा, एरवी पंप उचलायचाच नाही. एक फवारणी टळली की औषधाचे पैसे वाचतात, मजुरी वाचते, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विष उडत नाही. 'फवारू नका' हे सांगण्यात कुठल्याच दुकानाचा नफा नाही. म्हणून हे सांगणारा माणूस सरकारी पगारावरचाच असावा लागतो.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून आणखी पीक, घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, मे महिन्यात कपाशी लावू नका, हे सल्लेही हवेतून आलेले नाहीत. अळी जुन्या बोंडात आणि सरकीत सुप्तावस्थेत पडून राहते, आणि लवकरची कपाशी तिला आयतं घर देते. हे तिचं आयुष्य वर्षानुवर्षं मोजून कळलेलं आहे. अमेरिकेनं २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. बीटी, कामगंध आणि वंध्य केलेले पतंग सोडणं या तिन्हींचा मेळ तिथल्या शेतकऱ्यांनी, सरकारनं आणि ॲरिझोना विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी मिळून घातला. अळी तीच. आपल्याकडे लहान-लहान वावरं, हजारो मालक आणि शंभर जातींच्या बॅगा आहेत, त्यामुळे तोच मार्ग जसाच्या तसा चालणार नाही. मग आपल्या वावरांसाठी काय चालेल ते शोधायला आपलीच विद्यापीठं लागतील.

"जगाच्या प्रश्नांशी आपल्या खेड्याचा काय संबंध?"

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागात सिकलसेल किती घरांत आहे ते तिथल्या कोणालाही विचारा. हा रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. विजेच्या प्रवाहात निरोगी आणि दोषी हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगानं सरकतं, एवढं साधं तत्त्व. आज जिल्हा रुग्णालयात मुलीच्या रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी होते ती याच तत्त्वावर. ती वाहक (दोष अंगात असलेली, पण स्वतः आजारी नसलेली) आहे की रुग्ण, हे त्या पट्टीवरच्या रेषांवरून कळतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरण्याआधी हे माहीत असलं तर दोन्ही घरं विचार करून ठरवू शकतात. हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलमुळे असह्य वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर येतात, हे १९९५ मध्ये विद्यापीठांच्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत सिद्ध झालं. २०२३ मध्ये जनुकात दुरुस्ती करणारा उपचारही परदेशात मंजूर झाला. तो आज आपल्या आवाक्याबाहेर आहे. तो आवाक्यात कसा आणायचा, हेही संशोधनाचंच काम आहे.

आणि ज्ञान नेहमी परदेशातूनच इकडे येतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणारी पद्धत आजमावली. त्यांची 'सर्च' संस्था विद्यापीठ नाही, पण दोघंही नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये तो निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याची शिफारस जगभरासाठी केली. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येते, बाळाला वजनाच्या झोळीत ठेवते, काखेत थर्मामीटर लावते, त्याची मुळं आपल्याच जंगलातल्या गावांत आहेत. जगाचा प्रश्न विदर्भातल्या खेड्यानं सोडवून दाखवला, आणि मेसेज म्हणतो संबंध काय.

"तोच पैसा खात्यात टाका."

इथे फक्त हिशोब करू. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पीएम-किसानसाठी ६०,००० कोटी होते. कृषी संशोधन आणि शिक्षण विभागासाठी ९,९४१ कोटी. हा विभाग पूर्ण बंद करून त्याचे पैसे पीएम-किसानच्या सव्वानऊ कोटी शेतकऱ्यांना वाटले, तर प्रत्येकाला वर्षाला हजार-अकराशे रुपये मिळतील. त्या वर्षी बीटी कपाशीचं एक पाकीट ८६४ रुपयांना होतं. एक पाकीट येईल आणि वर थोडे पैसे उरतील. त्याबदल्यात नवं वाण नाही, सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅक रोगावर काम करणारं कोणी नाही. देश म्हणून आपण सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून २०२०-२१ मध्ये सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करत होतो. याला उधळपट्टी कसं म्हणायचं?

"मग आत्महत्या का थांबल्या नाहीत?"

हा प्रश्न बाकीच्यांसारखा नाही. त्याला फटकन उत्तर देण्याचा हक्क कोणालाच नाही, मलाही नाही. सोयाबीनचा भाव विद्यापीठ ठरवत नाही. पीककर्ज वेळेवर देणं, विम्याचे पैसे देणं, आयात-निर्यातीचे निर्णय घेणं, यातलं काहीच संशोधकाच्या हातात नाही. कर्ज, सावकार, नापिकी, सिंचनाचा अभाव ही कारणं मात्र त्यांनी केव्हाच कागदावर मांडून ठेवली आहेत. २००५ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं आणि २००६ मध्ये मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या सृजित मिश्रांनी ती मांडली. ते अहवाल ज्यांच्यासाठी लिहिले होते, ते वाचून काय केलं हे त्यांनाच विचारायला हवं.

आणखी एक काम आपल्या लोकांना फारसं माहीत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते, शिकवून तयार केलेले समुपदेशक आणि ठरलेल्या दिवशी येणारे मानसोपचारतज्ज्ञ, अशी रचना. नैराश्य असलेल्यांपैकी आधी शंभरात चार-पाच जणांनाच मदत मिळत होती. दीड वर्षात ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. गेल्या वर्षभरात जीव द्यावा असं वाटलं, हे सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेट सायकियाट्रीत आले. म्हणजे या प्रश्नावरही संशोधन झालं, इथंच झालं, आणि उपयोग होतो असं दिसलं.

ते तीस गावांपुरतं का राहिलं? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला एक समुपदेशक का नाही? कृषी विद्यापीठातली रिकामी पदं का भरली जात नाहीत, आणि एका कृषी सहायकाच्या माथी इतकी गावं का? मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: हे प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या आणि जिल्हा परिषदेच्या सदस्याकडून, आमदाराकडून लेखी उत्तर मागा.