केळीचं ऊन मोजतात, माणसाचं नाही

भुसावळचा पारा ४५च्या वर गेला की आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण पेटतं. एक गट म्हणतो, खान्देशात आता काही राहिलं नाही, पोरांनी पुणं गाठावं, नाहीतर सुरत. दुसरा गट पाडळसे धरणापासून सुरुवात करतो (तापीवरचं हे धरण पंचवीसेक वर्षं नुसतं बांधलंच जातंय) आणि सगळा पैसा पश्चिम महाराष्ट्राने नेला, इथवर येऊन थांबतो. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं, 'तुमचं बरं आहे भो, तुम्ही फ्रीजमध्ये राहता.'

राहतो खरा. नॉर्वेच्या उत्तर टोकाला फिनमार्क प्रांत आहे, त्यातल्या अल्टा गावात, ७० अक्षांशाला लागूनच. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य जातो तो जानेवारीचा मध्य उलटल्यावर तोंड दाखवतो. चोवीस तास मिट्ट काळोख मात्र नसतो. दुपारी दोन-तीन तास डोंगरांवर निळसर उजेड उतरतो. त्याच्यापुढे मला ते प्रसिद्ध नॉर्दर्न लाइट्ससुद्धा जरा भपकेबाज वाटतात. हे इथल्या हॉटेलवाल्यांना ऐकू जाऊ नये, त्यांचं पोट त्यावर आहे. उन्हाळ्यात सगळं उलटं. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, शेजारी रात्री अकराला गवत कापतो आणि झोपायचं तर खिडकीला जाड काळे पडदे लावावे लागतात. रानात कुणीही फिरावं, बेरी तोडाव्यात, कुंपण घालून 'आत येऊ नये' म्हणणारा नाही. हे सुख चोपडा तालुक्यात बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या घरातल्या माणसालाच नीट कळेल.

त्रास थंडीचा कमी, अंधाराचा जास्त. थंडीला कपडे आहेत. अंधारात झोप बिघडते, भूक बिघडते, विनाकारण चिडचिड होते. ज्या महिन्यांच्या नावात 'र' आहे त्या सगळ्या महिन्यांत कॉड माशाचं तेल प्यावं, असं इथल्या म्हाताऱ्या सांगतात. चव विचारू नका. बाजारात केळी मिळते ती लॅटिन अमेरिकेतून आलेली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याशेजारी वाढलेल्या माणसाने ती मुकाट्याने खायची.

पण ग्रुपवरच्या भांडणात मला सांगायची आहे ती गोष्ट पगाराच्या कागदावर आहे. नॉर्वेत सर्वसाधारण उत्पन्नावर २२ टक्के कर आहे, फिनमार्क आणि शेजारच्या उत्तर ट्रॉम्समध्ये तो १८.५ टक्के. १९९० पासून या भागाला वेगळी वागणूक आहे. विजेवरचा कर नाही, मालकाला कामगारामागे जो सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावा लागतो तो इथे शून्य, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा काही भाग इथे राहून काम केलं की दरवर्षी माफ, आणि २०२३ पासून बालवाडी फुकट. थोडक्यात, इथे राहणं अवघड आहे हे सरकारने लेखी मान्य केलंय आणि त्याची किंमत उरलेल्या देशाने थोडी थोडी वाटून घेतलीय.

हे काही प्रेमापोटी नाही. फिनमार्कची हद्द रशियाला भिडते, आणि सीमेवरची गावं ओस पडणं कुठल्याच देशाला परवडत नाही. आमची हद्द पडली गुजरातला. नंदुरबारचं गाव रिकामं होऊन सुरतेला गेलं तर मुंबईत कुणाची झोप उडणार आहे?

शिवाय फिनमार्कची लोकसंख्या जेमतेम पाऊण लाख, तीही जळगाव जिल्ह्याच्या चौपट जमिनीवर. जळगाव जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत ४२ लाख माणसं होती. तेलवाल्या देशाला पाऊण लाखांचे लाड सहज परवडतात. आणि एवढं करूनही तरुण मुलं ट्रॉम्सो नाहीतर ऑस्लोला जातातच. अल्टा हे फिनमार्कमधलं सगळ्यांत मोठं गाव, तरी मोठं रुग्णालय हॅमरफेस्टला, सुमारे १४० किलोमीटरवर. मधल्या पठारावर वादळ आलं की रस्ता बंद होतो, किंवा बर्फ काढणाऱ्या गाडीमागे रांगेने जावं लागतं. अडलेल्या बाळंतिणीचा हा प्रवास इथल्या वादाचा जुना विषय आहे. सातपुड्यात धडगावकडच्या पाड्यांवरून झोळी करून बाईला खाली आणणाऱ्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

तेव्हा नॉर्वेची नक्कल करा, असं मी म्हणत नाही. एखाद्या ठिकाणी राहणं किती अवघड आहे ते मोजायला शिका, एवढंच म्हणतो. कारण मोजण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या आकड्याच्या वर ठरलेले दिवस राहिला, की भरपाई लागू होते. शेतकऱ्याला ती वेळेवर मिळते का, हे वेगळं भांडण. पण उन्हाने घड सटकतात हे शासनाला पटलंय, त्याचा आकडा ठरलाय. त्याच बागेत घड वाहणाऱ्या मजुराच्या अंगाला किती ऊन सोसतं, याचा आकडा त्या कागदावर कुठेच नाही. त्याच्यासाठी प्रशासनाचा संदेश येतो, दुपारी उन्हात जाऊ नका. सल्ला फुकट असतो, रोज बुडतो तो मजुराचा. शेजारच्या गुजरातेत 'सेवा' या संघटनेने २०२३ मध्ये असंघटित कामगार बायांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला, म्हणजे कल्पना काही नॉर्वेतून आणायला नको. कामाचा हक्क देणारा रोजगार हमीचा कायदा तर महाराष्ट्रानेच १९७७ मध्ये केला होता.

अंधाराचंही तसंच. इथे दुपारी बाराला रस्त्यावर दिवे लागलेले असतात, पोरांच्या दप्तरांवर चमकणाऱ्या पट्ट्या असतात, स्कीच्या वाटांनासुद्धा दिवे. आमच्याकडे लख्ख सूर्य असताना कृषिपंपाची वीज रात्री येते आणि माणूस बॅटरी घेऊन साप-बिबट्याच्या वाटेने पाणी भरायला जातो. सौर कृषी वाहिनी या सरकारी योजनेतून दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे, आणि माझ्या मते खान्देशासाठी ते कुठल्याही महामंडळापेक्षा मोलाचं आहे. ग्रुपवर त्याची चर्चा मात्र धरणाच्या चर्चेच्या दहावा हिस्साही होत नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा लगेच प्रश्न आला, उन्हाचे पैसे मागायचे तर विदर्भ आधी हात वर करेल. करू दे की. चंद्रपूरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा निघाला तर त्यांना आधी द्या. भुसावळकरांना ते मान्य करायला जड जाईल, एवढंच.