मामाच्या दुकानाला अक्कल शिकवणारा मेसेज

परवा रविवारी भांडुपला मामाच्या दुकानात गेले. पोहे घेतले, पैसे द्यायला मोबाइल काढला, तर गल्ल्यापुढचा स्कॅनर गायब. त्या जागी सेलोटेपचे चार चिकट डाग. वर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकतात त्या दोरीला पुठ्ठ्याची पाटी: ‘उधारी बंद. यूपीआय बंद.’ अक्षर मामीचं. मला वाटलं कुणाशी तरी वाजलं. मामाने काही न बोलता फोनच पुढे केला.

त्यावर एक व्हॉट्सॲप मेसेज. तुमच्याही घरच्या ग्रुपवर आला असेल. ‘किराणा दुकानदारांनो, जागे व्हा!’ असं शीर्षक, आजूबाजूला लाल घंटा. आत म्हटलंय की देशातली 2 लाख किराणा दुकानं बंद पडल्याचं सरकारनेच मान्य केलंय, वर मंदी येऊ घातलीय, तेव्हा वाचायचं तर सहा गोष्टी आजच करा. ॲपसारखी एमआरपीवर 20 टक्के सूट द्या. उधारी तोडा. 2000 च्या वरच्या यूपीआयवर जीएसटी बसणार, स्कॅनर काढा. माल तिप्पट भरा, गिऱ्हाइकाने ‘नाही’ ऐकता कामा नये. दुकान एसी आणि सेल्फ-सर्व्हिस करा. आणि या सगळ्याला सरकार 20 लाख बिनव्याजी देतंय, लिंक खाली.

मामा चाळीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, आणि सहापैकी दोन गोष्टी त्याने एका रात्रीत केल्या होत्या. तिसरीसाठी एसीवाला मापं घेऊन गेला होता. म्हणून हे लिहितेय. नुसत्या मेसेजकडे मी दुर्लक्षच केलं असतं.

आधी तो 2 लाखांचा आकडा. तो सरकारचा नाही. ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशनने 2024 मध्ये दिलेला तो अंदाज आहे. हे लोक कंपन्यांचा माल दुकानांना पोचवणारे, दुकान बुडालं की त्यांचाही धंदा बुडतो, म्हणजे तक्रार करणाऱ्याचाच आकडा. पण तो हवेतला आहे असंही मी म्हणणार नाही. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपच्या पिशव्या आमच्याही जिन्यात दिसतात. मामाच्या समोरच्या टॉवरमधली पोरं त्याच्याकडे आता फक्त सिगारेट-लायटर आणि रात्री दहाला अंडी घ्यायला उतरतात. महिन्याचा मोठा किराणा गेला, हे मामा स्वतः सांगतो. दुखणं खरं आहे, औषध मात्र भोंदूचं.

त्यातलं सगळ्यात जहरी औषध म्हणजे 20 टक्के सूट. मी मामाला म्हटलं, डिस्ट्रिब्युटरचं बिल काढ. काढलं. कंपनीच्या पॅकबंद मालावर त्याला सरासरी शंभराला दहा सुटतात. कशावर आठ, कशावर बारा. आता हिशोब तोंडी होण्यासारखा आहे. शंभराची वस्तू नव्वदला आली. पाच टक्के सूट दिलीस तर दहाऐवजी पाच उरले, म्हणजे तेवढाच पैसा मिळवायला माल दुप्पट खपायला हवा. आठ टक्के दिलीस तर पाचपट. दहा टक्के दिलीस तर दिवसभर उभं राहून फुकट हमाली. वीस टक्के दिलीस तर प्रत्येक गिऱ्हाइकाला वस्तूसोबत खिशातले दहा रुपये. मग ‘जास्त खप’ झाला तर काय होईल? लवकर बुडशील, एवढंच.

सुटं धान्य, मसाले धरून मामाला सगळ्या विक्रीवर साधारण बारा टक्के पडतात. रोजचा गल्ला पंधरा हजार. सुटतात अठराशे, सूट जाणार तीन हजार. रोज बाराशेचा खड्डा, महिन्याला 36 हजार, आणि यात भाडं, लाइट, पोऱ्याचा पगार धरलेलाच नाही. मामी पाठमोरी हरभरे निवडत होती. ती म्हणाली, “मग दुकान उघडायचं कशाला, घरबसल्या वाटू की.”

ॲपला हे परवडतं कसं? परवडत नाही, हेच उत्तर आहे. स्विगीच्या जानेवारी ते मार्च 2025 या तिमाहीच्या निकालात त्यांच्या इन्स्टामार्ट या किराणा ॲपचा समायोजित तोटा 840 कोटी रुपये आहे. हा माझा अंदाज नाही, कंपनीचे स्वतःचे आकडे आहेत. नव्वद दिवसांत 840 कोटी म्हणजे दिवसाला नऊ कोटींच्या वर. हा तोटा सोसायला त्यांच्यामागे गुंतवणूकदार उभे आहेत. शिवाय डिलिव्हरीचे पैसे, हँडलिंगचे पैसे, वरच्या रांगेत दिसायला ब्रँडकडून घेतलेले जाहिरातीचे पैसे, हे सगळं मिळूनही 840 कोटी. मामामागे कोण उभं आहे? मामी, आणि तिच्या पाटल्या.

स्वस्ताईची शर्यत मुंबईने आधीही पाहिलीय. बिग बझारच्या ‘सबसे सस्ता’ दिवसांना रेटारेटी व्हायची, आम्हीही बादल्या आणि साखर घेऊन लोकलमध्ये चढलोय. 2022 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नुसत्या सवलतींनी गेली असं नाही, कर्ज होतं, कोविड होता. पण फॉरवर्डवाल्याने सवलत आणि कर्ज दोन्ही एकाच पानावर सुचवलंय, म्हणून आठवण झाली.

आता उधारी. इथे मला थोडं गिळावं लागतंय, कारण मेसेज निम्मा बरोबर आहे. मामाच्या वहीत तीन खाती अशी आहेत की ती माणसं समोरून जाताना फुटपाथ बदलतात. तिघांचे मिळून अकरा हजार. ते गेले, विषय संपला. आणि आमच्या घराला हे नवीन नाही. आजोबांचं दुकान लालबागला होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि गिरणगावातल्या वाण्यांच्या वह्या भरत गेल्या. आजोबांनीही दिलं. आधी तांदूळ-डाळ, मग रॉकेल, मग मुलांच्या वह्यासुद्धा. काहींनी गावाहून मनीऑर्डरने थोडे थोडे फेडले. बरेच बुडाले. दुकान विकून मामा भांडुपला आला तो त्यामुळेच. तेव्हा ‘उधारी म्हणजे आपुलकी’ वगैरे गोडगोड मी लिहिणार नाही.

पण त्यातून मामाने जो धडा घेतला होता, तो ‘उधारी बंद’ असा नव्हता. त्याचा नियम ठरलेला होता: खातं पगाराच्या तारखेपर्यंत, आणि आकडा डोळ्यासमोर. सोसायटीच्या वॉचमनला सात तारखेला पगार, त्याचं खातं दोन हजारांवर जात नाही. धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे पैसे पाच ते दहाच्या मध्ये चार घरांतून तुकड्यातुकड्याने येतात, म्हणून त्यांची वसुलीही तुकड्याने. जुनं फिटल्याशिवाय नवीन लिहायचं नाही. रिक्षावाल्याला पाऊस लागला की आठवडा वाढवून. कोण कुठल्या तारखेला पैसेवाला असतो हे त्याला तोंडपाठ आहे. हात आखडायची वेळ येते तेव्हा टिकतं ते हेच गिऱ्हाईक, कारण त्याला दुसरं कोणी दारात उभं करत नाही.

पाटी लावली शुक्रवारी. शनिवारी वॉचमन येऊन वाचून गेला. रविवारी दुपारी मी बसले होते तेव्हा मावशी आल्या, पाटीकडे पाहिलं, पदराच्या गाठीतून वीस रुपये काढले आणि पाव किलो तांदूळ मागितले. एरवी त्या पाच किलो नेतात. मामाने तांदूळ तोलले, वर एक मूठ जास्त टाकली, आणि त्यांच्याकडे बघितलं नाही.

फुटपाथ बदलणाऱ्या तिघांची शिक्षा चाळीस खात्यांना, असा हा हिशोब.

यूपीआयची गोष्ट त्यापेक्षा सोपी. 2000 च्या वर जीएसटी ही अफवा एप्रिल 2025 मध्ये पसरली आणि 18 एप्रिललाच अर्थ मंत्रालयाने असा काही विचार नसल्याचं सांगून टाकलं. बँक खात्यातून दुकानदाराला जाणाऱ्या यूपीआयवर जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्कच नाही, मग जीएसटी लावायचा कशावर? तरी मेसेज फिरतोच आहे. भीती कुठून आली हे मात्र मला कळतं. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या आणि बंगळुरात लोकांनी स्कॅनर काढून ‘फक्त रोख’ लिहिलं. ती खरी गोष्ट आहे. पण त्या नोटिसा उलाढालीवरून होत्या. मालाच्या दुकानाला वर्षाला 40 लाखांपुढे जीएसटी नोंदणी लागते. म्हणजे दिवसाला साधारण अकरा हजार. त्यात रोख आणि यूपीआय दोन्ही मोजतात, स्कॅनर फाडून उलाढाल कमी होत नाही. आणि मामा पंधरा हजारांवर आहे, म्हणून तो कधीचाच जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे! दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला करपात्र विक्रीवर 1 टक्का, तिमाहीला भरायचा. तो भरतो. मग स्कॅनर कुणापासून लपवला? टॉवरमधल्या त्या पोरांपासून, ज्यांच्या खिशात दहाची नोटसुद्धा नसते. तीन दिवसांत सिगारेट-अंड्यांचं गिऱ्हाईकही पुढच्या टपरीवर गेलं.

माल तिप्पट भरा, म्हणे. मामाच्या वरच्या फळीवर टूथपेस्टचे चार खोके आहेत, ते बघून ज्याने त्याने ठरवावं. ऑगस्ट 2025 मध्ये सेल्समनने गणपतीची स्कीम दिली, दहावर एक फुकट, मामाने उचलले. 3 सप्टेंबरला जीएसटी कपात जाहीर झाली आणि 22 सप्टेंबरपासून टूथपेस्ट, साबण, शाम्पू, केसांचं तेल 18 वरून 5 टक्क्यांवर आले. मधल्या तीन आठवड्यांत गिऱ्हाईक म्हणायचं, “थांबतो, स्वस्त होणारेय.” नंतर म्हणायचं, “जुना भाव कसा लावता?” आणि कंपोझिशनवाल्याला खरेदीवर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. सेल्समन ‘कंपनीला कळवतो’ म्हणाला, अजून कळवतोच आहे. हा फटका चार खोक्यांचा, तिप्पट भरला असता तर बाराचा. शिवाय गिऱ्हाइकाची खरेदीच बदललीय. लिटरच्या तेलाऐवजी अर्ध्याची पिशवी, डाळ पाव किलो, मोहरी पाच रुपयांची. छोटं नग, पटापट फिरणारं. असं असताना पैसा फळीवर कोंबायचा?

एसी आणि सेल्फ-सर्व्हिसवर काय बोलायचं? दुकान दहा बाय बारा आहे. गिऱ्हाईक आत आलं तर मामाला बाहेर जावं लागेल.

20 लाख बिनव्याजी, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मुद्रा योजनेची मर्यादा 2024 च्या अर्थसंकल्पात 20 लाखांवर नेली, इतकंच खरं. ती वरची मर्यादा आधीचं ‘तरुण’ गटातलं कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांना आहे. व्याज लागतं. बँक देते. आणि कुठलीही बँक व्हॉट्सॲपच्या लिंकवर आधार नंबर, ओटीपी आणि ‘फाइल चार्ज 1,850 रुपये’ मागत नाही. मामाने लिंक उघडून नाव भरलं होतं, तेवढ्यात वीज गेली. महावितरणचे आभार मी आयुष्यात पहिल्यांदा मानले.

मग बदलायचंच नाही का, असं मेसेज टाकणाऱ्या माझ्या मावसभावाने ग्रुपवर विचारलं. बदलायचं ना. कोविडच्या टाळेबंदीत ॲपचे स्लॉट मिळत नव्हते तेव्हा मामाने फोनवर याद्या घ्यायला सुरुवात केली. ती सवय सहाव्या मजल्यावरच्या आजी अजून पाळतात, व्हॉइस मेसेज करतात, त्यात अर्धा वेळ गुडघेदुखी आणि शेवटी साबुदाणा. गेल्या श्रावणात मामीने उपवासाची भाजणी करून अर्ध्या किलोच्या पिशव्या ठेवल्या, वर तारीख लिहून. टॉवरमधल्या मुलींनीच नेल्या, आणि नंतर थालिपिठाची आहे का म्हणून विचारत आल्या. त्या एका पिशवीवर जे सुटतं ते मिळवायला बिस्किटाचे किती पुडे विकावे लागतात ते मामाने मला मोजून दाखवलं. मी आकडा देत नाही, मामी रागावेल. त्याला ना एसी लागला, ना लिंक.

मावसभावाचं उत्तर आलं: “मी फक्त फॉरवर्ड केलं होतं.”

संध्याकाळी मामाने ड्रॉवरमधून स्कॅनर काढला. कोपरा दुमडला होता, हाताने दाबून परत डागांवरच चिकटवला. एसीवाल्याला फोन मी केला, त्याने मापं घेण्याचे दोनशे मागितले. पाटी मामीने उतरवली, पण फेकली नाही. पुठ्ठा चांगला आहे म्हणाली, आणि मागच्या बाजूला लिहायला मार्कर शोधू लागली. मामा तोवर वही घेऊन बसला होता, मावशींच्या पानावर.