दिंडोरीचं बंड आणि पुढचे साडेपाच महिने

'लोकसभेला कांद्याने रडवलं, विधानसभेला लाडक्या बहिणींनी तारलं.' महायुतीच्या नाशिक जिल्ह्यातल्या 2024 च्या निकालांबद्दल हे वाक्य टीव्हीवर इतकं चघळलं गेलंय की आता आमच्याच भागातली माणसं ते म्हणायला लागलीत. मला ते अर्धवट वाटतं. त्यात शेतकरी एकदा चिडका ठरतो आणि एकदा विकाऊ.

आधी क्रम आठवा. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात किंमत घातली, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायचाच नाही. 8 डिसेंबरला निर्यातच बंद, तीही लाल कांदा बाजारात येत असताना. मार्चअखेर बंदी उठेल म्हणून लोक आशेवर होते, तर तीच पुढे वाढवली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2000 टनांची परवानगी मिळाली तेव्हा मात्र डोकी फिरली. 2000 टन म्हणजे काहीच नाही हो. पण त्यांचा जातो आणि आमचा अडतो, एवढं कळायला टनांचा हिशोब लागत नाही. 4 मेला बंदी उठली, ती 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क तसंच ठेवून. लोकसभेचं मतदान 20 मे 2024 ला.

ज्यांनी लासलगाव किंवा पिंपळगावचा लिलाव कधी पाहिला नाही त्यांनी एकदा सकाळी जाऊन उभं राहावं. ट्रॅक्टरांची रांग. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, कुणी दोन कांदे उचलून पत्ती बघतो, बोली सुटते आणि मिनिटभरात चार महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. पटला नाही तर ट्रॉली वळवून घरी न्या, डिझेल तुमचं. दिल्लीत आदेश निघाला की दुसऱ्याच सकाळी याच घोळक्यात बोली खाली येते. त्यामुळे आमच्याकडे धोरण कुणी वाचत नाही, लिलावानंतर हातात पडणाऱ्या हिशोबपट्टीवर बघतात.

15 मेला पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधानांचं भाषण चालू असताना एक तरुण 'कांद्यावर बोला' म्हणून ओरडला. पुढे 4 जूनच्या निकालात दिंडोरी लोकसभा मतदारसंघातून केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार 1 लाख 13 हजारांच्या फरकाने पडल्या. निवडून आले शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे, पेशाने शिक्षक, चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. आणि गंमत अशी, की बाबू भगरे नावाच्या अपक्षाला चिन्ह मिळालं 'तुतारी', त्याने एक लाखाहून जास्त मतं खाल्ली. तरीही एवढा फरक! माझ्या मते लोक उमेदवार बघतच नव्हते, बटण शोधत होते.

या देशात कांद्याने सरकारं पाडल्याच्या गोष्टी जुन्या आहेत, पण त्या गिऱ्हाइकाच्या. 1998 मध्ये दिल्ली राज्यात भाजपची सत्ता गेली ती कांदा महागला म्हणून. तेव्हापासून भाव चढायला लागले की दिल्लीतल्या बाबूंचे हातपाय गळतात आणि निर्यातीचा नळ बंद होतो, मग तिथे पक्ष कुठलाही बसलेला असो. पिकवणाऱ्याच्या रागाची भीती कधी कुणाला नव्हती. 2024 मध्ये ती पहिल्यांदा नीट दिसली, आणि तिचं फळही मिळालं: 13 सप्टेंबरला शुल्क 40 चं 20 टक्के झालं, किमान निर्यात किंमत गेली. विधानसभा तोंडावर होती म्हणूनच, दुसरं काय?

नोव्हेंबरमध्ये दिंडोरी लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीने घेतल्या. लोक विकले गेले म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. कांद्याचा पैसा बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर येतो. उन्हातान्हात कांदा काढायला वाकणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात लाडकी बहीण योजनेसारखे महिन्याला 1500 रुपये याआधी कधी आले होते? तिने तिचा हिशोब केला. नवऱ्याने मे महिन्यात त्याचा केला होता.

माझी तक्रार वेगळीच आहे. या रागाला धनी नाही. 1980 मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं, नाशिकला रस्ते अडवले, तेव्हा मागणी एकच होती, उत्पादनखर्चावर आधारित भाव, आणि ती गावातल्या पोरासोरांनाही पाठ होती. पुढे संघटनेच्या चिरफळ्या झाल्या, जोशींनी काढलेल्या पक्षाला मतांनी काही साथ दिली नाही. 2024 चा राग ज्या विरोधकांच्या झोळीत पडला, त्यांच्यातल्या बहुतेकांनी सत्तेत असताना निर्यातबंद्या पाहिल्यात आणि केल्यातही. निवडून आल्यावर त्यांनी संसदेबाहेर कांद्याच्या माळा घालून फोटो काढले. निर्यात धोरण किमान पाच वर्षं बदलायचं नाही, असा कायदा करा म्हणून कुणी खरंच रेटा लावला का? मला तरी दिसलं नाही.

आता 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य आहे, आणि त्या वर्षी भाव तरीही पडलेलेच राहिले. आपण नळ चालू-बंद करत बसलो तोवर बांगलादेशने स्वतःचा कांदा वाढवला आणि महिनोन् महिने आयात रोखून धरली. बाकीची गिऱ्हाइकं पाकिस्तान आणि चीनकडे वळली. कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याला कोंब यायला लागला की पडेल त्या भावात द्यावाच लागतो. ज्यांनी बाजार घालवला ते खुर्चीवर आहेत, आणि या खेपेला बोट दाखवायला एखादा आदेशसुद्धा नाही.