सगळा घोळ दीड इंचाचा

आमचा मेहुणा परळला मंडप डेकोरेटरचा धंदा करतो. त्याच्याकडे एक जुनी जीप-पिकअप आहे. तिला तो ट्रक म्हणतो, आणि बायकोचा भाऊ असल्यामुळे मीही ट्रकच म्हणतो. वासे, ताडपत्र्या आणि खुर्च्यांच्या थप्प्या लादून तो दर पावसाळ्यात सायनच्या खड्ड्यांतून जातो आणि चाकाची एखादी तरी लोखंडी डिस्क वाकवून आणतो. यंदा त्याने कायमचा बंदोबस्त करायचं मनावर घेतलं.

“भावोजी, मिलिटरीची चाकं टाकतो. लडाखला जाऊन आलेली चाकं सायनला काय घाबरणार?”

युक्तिवाद बिनतोड होता. कुर्ल्याला सोबत जाणं आलं.

लष्कराने निकालात काढलेल्या सामानाचा लिलाव एमएसटीसी ही सरकारी कंपनी ऑनलाइन करते. तिथून लॉटने उचललेला माल हात बदलत बदलत सीएसटी रोडच्या बाजूच्या गाळ्यांत पोचतो. आम्हाला दाखवलेली चाकं दुकानदाराच्या मते जोंगा या लष्करी जीपची होती, शेजारच्या गाळेवाल्याच्या मते निसान वन-टन या लष्करी ट्रकची, आणि चहा घेऊन आलेल्या पोऱ्याच्या मते थेट रणगाड्याची. जोंगा जबलपूरला १९६९ पासून तीसएक वर्षं बनत होती, एवढंच काय ते वादातीत. मेहुण्याने नखाने रंग खरवडला. हिरव्याखाली हिरवा निघाला, त्याखाली आणखी एक हिरवा. त्याची खात्री पटली. मग भोकं मोजली. जुळली. समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर फूटपट्टीने मापलं. तेही जुळलं. एवढं सगळं जुळल्यावर माणसाला पुढचं काही विचारायचं भान राहत नाही, हा लग्न जमवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

“जुनी चाकं देऊन टाका,” दुकानदार म्हणाला, “किलोने लावतो.” त्यातली एक डिस्क तर आधीच घणाने ठोकून सरळ केलेली, कडेला तीन ठळक चपट्या खुणा. किलोचा भाव ऐकून मेहुणा खूश झाला.

चाकं चढली. गाडी सरळ चालली. पहिल्या वळणावर स्टिअरिंग पुरतं कापलं आणि खालून असा आवाज आला की रस्त्यावरच्या कोंबड्या पळाल्या. डिस्कचं सगळं पोट आतल्या अंगाला! टायर स्प्रिंगच्या पाट्याला घासत होता. लष्कराने ती चाकं लष्कराच्या एक्सलसाठी केली होती. मेहुण्याचा ट्रक त्यांच्या हिशेबात नव्हता.

यावर इलाज एकच: स्पेसर. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये धातूची जाड चकती घालायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. इथे दीड इंच पुरे होतं. लेथवाले मेस्त्री मूळचे खेडचे, चष्म्यावरून बघत बोलणारे. मेहुण्याला नुसती चकती सरकवून लांब बोल्ट टाकायचे होते. मेस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरलो.

“चकती आधी हबला नटांनी आवळायची आणि चाक चकतीच्या बोल्टांवर. आतला गळा हबवर चपखल बसला पाहिजे. सगळा भार एकट्या बोल्टांवर टाकलात, तर चाक तुमच्या आधी भिवंडीला पोचेल.”

ऑर्डर दिली. चकत्या सुबक झाल्या, आरशासारख्या चकाकत होत्या. बसवायच्या दिवशी मेस्त्री नमाजाला गेले होते, म्हणून मेहुण्याने स्वतःच सुरुवात केली. उजवी बाजू झटक्यात सुटली. डाव्या बाजूचा एकही नट हलेना. पान्याला चार फुटी पाइप लावला, पाइपवर मेहुणा चढला, मेहुण्याला मी धरलं. नट जागचा हलेना. पाइप मात्र छान वाकला. मेस्त्री आले, पाइप काढून भिंतीला टेकवला आणि पाना उलट्या दिशेला एका हाताने फिरवला. नट सुटला. जुन्या जिपांना डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, चाक पुढे फिरताना नट ढिले पडू नयेत म्हणून. आम्ही मघापासून तो आवळत होतो.

गाडी आता दोन्ही बाजू मिळून तीन इंच रुंद झाली. स्टिअरिंग जड झालं आणि बेअरिंगवरचा ताण वाढला. टायर मडगार्डच्या बाहेर आल्यामुळे लालबागचा चिखल थेट फुटपाथवरच्या माणसांच्या अंगावर. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, असं मेस्त्रींनी बजावलं होतं. परळ ते दादर करत शंभर किलोमीटर भरायला अर्धा श्रावण गेला.

मग आरटीओत गाडीच्या फिटनेस तपासणीची तारीख आली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी त्याला मोबाइलवर वाचून दाखवलं: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

“चार चाकं म्हणजे एक बदल की चार?” मेहुण्याने विचारलं. धंदेवाईक माणूस, प्रश्न बरोबर जागी विचारतो.

तेव्हा जुनी चाकं परत आणणं भाग होतं. कुर्ल्याच्या त्याच गाळ्यात गेलो. चाकं होती. नुकताच हिरवा रंग दिलेला, अजून चिकट. एकीच्या कडेला घणाच्या तीन चपट्या खुणा. मेहुणा ओळखीचं हसून म्हणाला, “शेठ, आपलीच आहेत. किलोने लावा.”

दुकानदाराने चाकावर थोपटल्यासारखं केलं आणि हिरवा झालेला हात फडक्याला पुसला.

“मिलिटरीचा माल आहे साहेब. किलोने नाही जात.”