शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा खोकला

नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर, एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) हे कलाकेंद्र उभं आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी 1969 साली ही संस्था काढली आणि 1980 मध्ये तिथलं टाटा थिएटर उघडलं. वास्तुरचनेला फिलिप जॉन्सन आणि ध्वनिरचनेला सिरिल हॅरिस, अशी दोन मातब्बर माणसं अमेरिकेहून आणली. हेतू एवढाच, की सतार, सरोद किंवा गवयाचा गळा माइकवाचून हजार लोकांच्या कानी जावा. या खटाटोपाचा खरा लाभधारक कोण, हे मात्र अजून कुणी मोकळेपणी सांगितलेलं नाही. तुम्ही! आवाज मंचावरून निघाला की सातव्या रांगेतून, याच्याशी भिंतींना काही देणंघेणं नसतं. असल्या सभागृहात गप्प बसून परत येणं म्हणजे तिकिटाचे पैसे पाण्यात.

तयारी घरूनच करा. तिकिटावर सभागृहाचं नाव असतं, ते वाचू नका. ‘एनसीपीएला आहे’ एवढी माहिती पुरे. आवारात पाच सभागृहं आहेत: टाटा (1,010 खुर्च्या), जमशेद भाभा (1,109), एक्सपेरिमेंटल (300), गोदरेज डान्स (200) आणि लिटल (114). प्रत्येकाचं दार वेगळं. एक्सपेरिमेंटलचं नाटक असताना भाभाच्या भव्य दारापाशी जाऊन रखवालदाराशी वाद घातला की दहा मिनिटं सहज निघतात. चर्चगेटहून चालत पंचवीस मिनिटं लागतात, तेव्हा साडेसहाच्या कार्यक्रमाला सव्वासहाला गाडीतून उतरावं.

उशीर झाला की दाराशी थांबवतात आणि मंचावर विराम आला की आत सोडतात. नाटक असेल तर कधीकधी सोडतच नाहीत. या अन्यायाचा निषेध दाराबाहेरच, खड्या आवाजात नोंदवावा. आसन रांगेच्या मधलं घेतलेलं असावं, कारण कडेच्या खुर्चीवर बसणाऱ्याला कुणाचेच गुडघे तुडवता येत नाहीत.

आता मुख्य विषय, खोकला. द्रुत तराणा चालू असताना खोकणं ही शुद्ध उधळपट्टी. तबल्याखाली सगळं बुडून जातं. आलापात, गायक खर्जाच्या पंचमावर टेकला आणि मागे फक्त तानपुरे उरले, की तो क्षण तुमचा. रुमाल वापरू नका. कापडाने आवाज निम्म्याने दबतो, आणि सिरिल हॅरिस यांनी त्यासाठी मेहनत घेतली नव्हती.

खोकल्यापाठोपाठ गोळी आलीच. ती घरून सुटी करून रुमालात ठेवली तर काहीच आवाज होत नाही, म्हणून कडक प्लास्टिकच्या वेष्टनातलीच न्या. आणि उघडताना कमालीची सावकाशी पाळा. वेष्टन हळू उघडलं की आवाज कमी होतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. भौतिकशास्त्रज्ञांनी हे प्रकरण मोजून पाहिलंय. चुरगळलेल्या प्लास्टिकवरची प्रत्येक घडी एका आकारातून दुसऱ्यात टुणकन उडी मारते, प्रत्येक उडीचा एक सुटा ‘टक’ निघतो, आणि त्या टकाचा जोर तुमच्या वेगावर अवलंबून नसतो. हळू उघडलं की तेवढेच टक जास्त वेळ वाजतात, बस. म्हणजे तीन सेकंदांत संपणारी गोष्ट तुम्ही पूर्ण आवर्तनभर, म्हणजे तालाच्या एका फेरीभर, चालवू शकता. अतिविलंबित एकतालाचं आवर्तन जवळपास मिनिटभराचं असतं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, गोळी तोंडात पडली तर शेजाऱ्यांना तालाचं ज्ञानही दिसेल.

फोन बंद करू नका, थरथरत्या स्थितीत ठेवा आणि खुर्चीच्या हातावर ठेवा. मनगटी स्मार्ट घड्याळ हात उचलला की उजळतं, त्यामुळे नाटकात काळोख झाला की केस सारखे करावेत.

दाद देण्याचं तंत्र जरा बारकाईचं आहे. तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट समेवर पडतो. टाळी दुसऱ्या तुकड्यानंतर द्या. कलाकाराचं गणित बरोबर होतं की नाही, हे मग कुणालाच ऐकू येत नाही, आणि एका अर्थी तुम्ही त्याची अब्रूच राखता. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजवत असेल (2006 पासूनचा, आणि याच संस्थेचा) तर काम आणखी सोपं. सिम्फनीला बहुधा चार भाग असतात, म्हणजे तीन फुकटच्या टाळ्या. चायकोव्हस्कीची सहावी लागली तर सोनं झालं: तिसरा भाग असा दणदणीत संपतो की जाणकारांचेही हात शिवशिवतात. तिथे उठून उभे राहा, वाटल्यास कोट घाला. चौथा भाग अगदी हळू, विझत विझत संपतो; तेव्हा तुम्ही बाहेर असलेलंच बरं. (मोझार्टच्या काळी लोक मध्येच टाळ्या वाजवत आणि त्याला ते आवडतही असे. हे पाठ करून ठेवा, कुणी डोळे वटारले तर उपयोगी पडतं.)

भाभा थिएटरच्या दालनात एक जुना संगमरवरी जिना आहे, मलबार हिलच्या पेटिट हॉलमधून आणून इथे बसवलेला. पाहायला उत्तम आहे. त्यावर मध्यभागी उभं राहून फोटो काढा, आणि तिसरी घंटा होईपर्यंत हलू नका.

एवढं सगळं नको असेल तर ‘ते आपल्यासाठी नाही, इंग्रजी लोकांचं आहे’ हा मराठी माणसाचा हमखास मार्ग आहेच. मात्र तो टिकवायला डोळे गच्च मिटावे लागतील. पु. ल. देशपांडे इथले मानद संचालक होते, अशोक दा. रानडे यांनी इथे संगीत आणि नाट्याचं संशोधन केलं, विजया मेहता कार्यकारी संचालक होत्या, आणि ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्योत्सव इथेच भरतो. यातलं काहीही कानावर येऊ देऊ नका. ‘उमंग’ या इथल्या कार्यक्रममालिकेत तरुण गायक-वादक गातात-वाजवतात, त्याची तर चौकशीसुद्धा करू नका. तिकीट महाग आहे, ही आपली तक्रार त्याने उगाच लंगडी पडते. शिवाय शिवाजी मंदिरसारखा मध्यंतरातला बटाटावडा तिथे नाही, हा मुद्दा राखून ठेवा. तो खोडता येत नाही.

राहता राहिलं बाहेर पडणं. मैफल भैरवीने संपते. कोमल रिषभ, गंधार, धैवत, निषाद ओळखू येत नसतील तरी हरकत नाही. पुढच्या रांगेतले जाणते मान खाली घालून स्तब्ध बसले की भैरवी लागली असं समजा आणि उठा. आसन मधलं घेतल्याचं चीज इथे दुसऱ्यांदा होतं. ‘गाडी काढायला वेळ लागेल’ हे शेजाऱ्याला ऐकवत निघा. फाटकाशी पोहोचाल तेव्हा तुमच्यासारखेच दोनशे दूरदर्शी लोक तिथे आधीच उभे असतील, टॅक्सीवाले चर्चगेटला यायला नकार देत असतील, आणि आजचा कार्यक्रम कसा झाला यावर चर्चा करायला निवांत अर्धा तास मिळेल.